पत्रे राहतात कुठे?

एक लहानसा प्रयोग करून पाहा. घरातील मोठ्या माणसांपैकी कोणाचा तरी फोन त्यांच्या परवानगीने घ्या. त्यावरचा ‘एअरप्लेन मोड’ चालू करा, वाय-फायही बंद आहे याची खात्री करा आणि मग ई-मेल उघडा. गेल्या काही दिवसांची पत्रे दिसतील. आता चार-पाच वर्षांपूर्वीचे, एखादी मोठी फाइल जोडलेले पत्र शोधा. बहुधा ते सापडणार नाही. सापडलेच तर त्याला जोडलेली फाइल उघडणार नाही. एअरप्लेन मोड बंद करा. काही क्षणांत दोन्ही हजर होतील.

मग ते पत्र होते कुठे? आपण सहज म्हणतो, ‘ई-मेल माझ्या फोनमध्ये आहे’. प्रत्यक्षात फोनमध्ये असते ती पत्रांच्या एका भागाची प्रत. मूळ पत्रे दूरच्या एखाद्या संगणकावर असतात.

घरी आणि कामाच्या ठिकाणी ई-मेलसाठी कोणता प्रोग्राम घ्यावा, हे ठरवण्याचे काम हल्ली बऱ्याच घरांत तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांकडे येते. ‘तुला त्यातले कळते, तूच लावून दे’, असे आई म्हणते, काका म्हणतात. अशा वेळी बहुतेक जण पडद्यावरची मांडणी, रंग आणि बटणे पाहून निवड करतात. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आपण असे करत नाही. टेबलाची लांबी मोजायला कोणी स्क्रू गेज घेत नाही आणि तारेची जाडी मोजायला मीटरपट्टी घेत नाही. आधी मोजायचे काय ते ठरते, मग उपकरण. ई-मेलच्या बाबतीतही पहिला प्रश्न हाच हवा : पत्रे राहतात कुठे, आणि उद्या ती तिथून हलवायची वेळ आली तर हलवता येतील का?

एका नावाखाली तीन गोष्टी

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू. पहिली गोष्ट म्हणजे पत्ता. दुसरी म्हणजे सेवा, अर्थात तुमची पत्रपेटी सांभाळणारी संस्था. तिचे संगणक रात्रंदिवस चालू असतात. त्यांना सर्व्हर म्हणतात. तिसरी गोष्ट म्हणजे प्रोग्राम. त्यातून आपण पत्रे वाचतो आणि लिहितो.

घोटाळा होतो तो नावांमुळे. ‘जीमेल’ हे सेवेचे नाव आहे आणि फोनवरच्या एका प्रोग्रामचेही. ‘आउटलुक’चेही तसेच. त्यामुळे जीमेलचा पत्ता असला म्हणजे जीमेलचाच प्रोग्राम वापरावा लागतो, असा समज होतो. तसे मुळीच नाही. जीमेलची पत्रे थंडरबर्डमध्ये वाचता येतात, अॅपलच्या मेलमध्येही वाचता येतात. पत्रपेटी एकाची आणि ती उघडण्याचे साधन दुसऱ्याचे, हे कसे जमते? त्यासाठी पत्राचा प्रवास पाहिला पाहिजे.

पत्राचा प्रवास

१९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर, जाळ्यामार्फत, पत्र पाठवून दाखवले. दोन्ही यंत्रे शेजारी-शेजारी होती. पण त्यांच्यामधला दुवा मात्र आर्पानेट या जाळ्याचा होता. व्यक्तीचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘@’ हे चिन्ह घालण्याची कल्पना त्याचीच. आजही प्रत्येक पत्त्यात ते चिन्ह त्याच जागी असते.

पुढे यंत्रे वाढली, ती निरनिराळ्या कंपन्यांची होती. ती एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलणार? १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी पत्र पाठवण्याचे नियम लिहून प्रसिद्ध केले. त्या नियमावलीला एसएमटीपी म्हणतात. ‘मी अमुक, पत्र अमक्याकडून, अमक्यासाठी, हा घ्या मजकूर’, असे साध्या ओळींचे ते संभाषण असते. ही नियमावली कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. कोणीही ती वाचून तिच्याप्रमाणे प्रोग्राम लिहू शकतो. म्हणूनच एका सेवेवरून निघालेले पत्र दुसऱ्या सेवेच्या पेटीत बिनतक्रार पडते.

म्हणजे तुम्ही ‘पाठवा’ हे बटण दाबले की पत्र तुमच्या प्रोग्राममधून तुमच्या सेवेच्या सर्व्हरवर जाते, तिथून मित्राच्या सेवेच्या सर्व्हरवर जाते आणि तिथे थांबते. मित्राचा फोन त्या वेळी बंद असला तरी बिघडत नाही. आता उरला शेवटचा टप्पा. सर्व्हरवरचे पत्र मित्राच्या हातात कसे यायचे? आपली सगळी निवड या टप्प्यावर अवलंबून आहे.

आणण्याच्या दोन रीती

पत्र आणण्याच्या दोन रीती रूढ झाल्या. पहिली पॉप. तिचे पहिले रूप १९८४ साली आले. तिच्यात प्रोग्राम सर्व्हरकडे जातो, नवी पत्रे आपल्या संगणकावर उतरवून घेतो आणि ठरावीक मांडणीत सर्व्हरवरची प्रत पुसून टाकतो. म्हणजे पत्राचे घर तुमचा संगणक.

ही रीत त्या काळाला सोयीची होती. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून जोडणी घ्यावी लागे आणि जितका वेळ जोडणी तितका खर्च. अशा वेळी पटकन जोडणी घ्यावी, पत्रे उतरवावीत, तार मोकळी करावी आणि मग सवडीने वाचावे, हेच शहाणपणाचे होते.

दुसरी रीत आयमॅप. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मार्क क्रिस्पिन यांनी ती १९८६ साली मांडली. हिच्यात पत्राचे घर सर्व्हर. प्रोग्राम फक्त ते दाखवतो आणि सोयीसाठी काही प्रती जवळ ठेवतो. एखादे पत्र वाचले, तारांकित केले, वेगळ्या कप्प्यात टाकले, की ती नोंदही सर्व्हरवर होते. त्यामुळे सकाळी फोनवर वाचलेले पत्र दुपारी संगणकावरही ‘वाचलेले’ म्हणूनच दिसते. ज्या घरात एकाच माणसाकडे फोन आणि संगणक दोन्ही आहेत, तिथे आयमॅपच सोयीचे.

मग पॉप टाकाऊ आणि आयमॅप उत्तम, असे म्हणून मोकळे व्हावे का? थांबा. दोन्ही रीतींत पत्रे गमावण्याची वाट आहे. फक्त ती वाट वेगवेगळी आहे.

पॉपमध्ये सर्व्हरवरची प्रत पुसली जात असेल, तर तुमच्या संगणकाची डिस्क बिघडली की सारी पत्रे गेली. यावर उपाय सोपा : ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ हा पर्याय निवडणे आणि डिस्कची वेगळी प्रत काढत राहणे.

आयमॅपमधला धोका लवकर ध्यानात येत नाही. फोनवर, संगणकावर आणि सर्व्हरवर, असे तीन ठिकाणी पत्र दिसते म्हणून आपल्याला वाटते की आपल्याजवळ तीन प्रती आहेत. पण या तिन्ही एकमेकींना बांधलेल्या आहेत. फोनवरून चुकून एक कप्पा पुसला, की पुढच्या भेटीत संगणकावरचा प्रोग्रामही तो कप्पा इमानाने पुसतो. जीमेलमध्ये कचरापेटीत गेलेले पत्र ३० दिवसांनी कायमचे नाहीसे होते. आरशातली प्रतिमा म्हणजे दुसरी वस्तू नव्हे. वस्तू हलली की प्रतिमा हलते. जी प्रत मूळ पत्राबरोबर पुसली जात नाही, तीच खरी राखीव प्रत.

ब्राउझर पुरेसा नाही का?

‘आम्ही तर सरळ ब्राउझर उघडतो. वेगळा प्रोग्राम हवाच कशाला?’ असे तुमच्यापैकी काही जण म्हणतील. प्रश्न रास्त आहे. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केले तेव्हा मोठी सोय झाली. कुठल्याही संगणकावर बसावे, ब्राउझर उघडावा आणि आपली पत्रे वाचावीत. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आले आणि त्याने १ गिगाबाइट जागा देऊ केली. त्या वेळी हॉटमेलची फुकट पेटी होती २ मेगाबाइटची. म्हणजे एकदम सुमारे ५०० पट! पत्रे पुसण्याची गरजच उरली नाही आणि लोकांची सारी पत्रे सेवेच्या दारी राहू लागली.

ज्यांचे एकच खाते आहे आणि पत्रे थोडी आहेत, त्यांना ब्राउझर किंवा फोनवरचा तयार प्रोग्राम पुरतो. स्वतंत्र प्रोग्रामची गरज पडते ती तीन कारणांनी. एक, दोन-तीन खाती एका जागी पाहायची असतात. दोन, जोडणी नसताना जुनी पत्रे लागतात. गावी, प्रवासात, वीज गेल्यावर. तीन, पत्रांची प्रत आपल्या ताब्यातील डिस्कवर हवी असते. ही तिन्ही कारणे नसतील तर उगाच नवा प्रोग्राम बसवू नये.

प्रोग्राम जातात

१९८८ साली इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी युडोरा नावाचा ई-मेल प्रोग्राम लिहिला. पुढे क्वालकॉम कंपनीने तो चालवला. एके काळी तो जगभर लोकप्रिय होता. २००६ साली कंपनीने त्याचा विकास थांबवला. विंडोजबरोबर येणारा ‘मेल’ हा प्रोग्रामही मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ नंतर बंद केला. उद्या आज नावाजलेला आणखी एखादा प्रोग्राम बंद होईल. त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. पत्रे मात्र त्याच्याबरोबर जाता कामा नयेत.

म्हणून प्रोग्राम आपल्या डिस्कवर पत्रे कोणत्या रूपात ठेवतो, हे विचारले पाहिजे. एमबॉक्स नावाचे एक जुने, सर्वांना ठाऊक असलेले रूप आहे. ती साधी मजकुराची लांबच लांब फाइल असते. एकामागून एक पत्रे, आणि प्रत्येक पत्राच्या आरंभी इंग्रजी ‘फ्रॉम’ शब्दाने सुरू होणारी ओळ. अनेक प्रोग्रामांना ही फाइल वाचता येते आणि अगदीच वेळ आली तर साध्या मजकूर-संपादकातही ती उघडता येते. २००४ साली ज्याची पहिली आवृत्ती आली तो थंडरबर्ड हा फुकट आणि खुला प्रोग्राम पत्रे याच रूपात ठेवतो. ‘गूगल टेकआउट’ या सोयीने जीमेलची सारी पत्रे मागवली तर तीही एमबॉक्स फाइल म्हणूनच हाती येतात. जुन्या पद्धतीचे आउटलुक मात्र पीएसटी या स्वतःच्या रूपात साठा करते. तो साठा वाचायचा तर आउटलुक किंवा त्याचे रूप जाणणारा दुसरा प्रोग्राम लागतो.

आणखी एक गोष्ट पाहावी. काही प्रोग्राम तुमची पत्रे सेवेच्या सर्व्हरवरून थेट तुमच्याकडे आणत नाहीत. मध्ये स्वतःचा सर्व्हर ठेवतात. विंडोजवरचे नवे आउटलुक जीमेलसारखे बाहेरचे खाते जोडताना त्या खात्यातील पत्रे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडशी जुळवून ठेवण्याची परवानगी मागते. यात गैर काही आहे असे नव्हे. त्यामुळे काही सोयीही मिळतात. पण पत्रांचे आणखी एक घर तयार होते, हे समजून मगच ‘होय’ म्हणावे. ती सूचना वाचण्याआधीच पुढचे बटण दाबले जाते, हे तुम्ही पाहिलेच असेल.

मराठीची परीक्षा

पत्रव्यवस्था जन्मली तेव्हा ती फक्त इंग्रजी अक्षरांसाठी होती. एका अक्षराला ७ बिट, म्हणून एकूण १२८ चिन्हे. त्यात मराठी मजकूर नाही, छायाचित्र नाही, आवाज नाही. १९९२ साली नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम ही पद्धत मांडली आणि ही अडचण दूर केली. तिच्यातील एक युक्ती अशी : कोणत्याही फाइलचे ३ बाइट घ्या. ३ × ८ = २४ बिट झाले. त्यांचे ६-६ बिटांचे ४ गट करा. ६ बिटांतून ६४ चिन्हे मोजता येतात. ती साधी अक्षरे, अंक आणि काही साधी चिन्हे यांतून निवडता येतात. म्हणजे ३ बाइटांच्या जागी ४ साधी अक्षरे पाठवायची.

आता हिशेब करा. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी ५ चिन्हे. म्हणून १५ बाइट. आणि वरच्या युक्तीने पाठवल्यास २० अक्षरे. याच कारणाने २० मेगाबाइटची फाइल जोडली तर पत्र जवळजवळ २७ मेगाबाइटचे होते. समोरची पेटी २५ मेगाबाइटपर्यंतचेच पत्र घेत असेल तर ते परत येईल आणि ‘माझी फाइल तर लहान होती’ म्हणून आपण गोंधळून जाऊ.

प्रोग्राम निवडताना मराठीची परीक्षा अवश्य घ्या. विषयाची ओळ मराठीत लिहा, मराठी नावाची फाइल जोडा, स्वतःलाच पत्र पाठवा. मजकूर, विषय आणि फाइलचे नाव ही तिन्ही शुद्ध दिसली तरच प्रोग्राम उत्तीर्ण. मग ‘राखीव प्रत’ या शब्दांनी शोध घेऊन मराठी शब्द सापडतात का, तेही पाहा.

घर निराळे, कचेरी निराळी

घरचे आणि कामाचे ई-मेल यांत खरा फरक मालकीचा आहे. घरचे खाते तुमचे. कामाचे खाते संस्थेचे. ते कोणत्या प्रोग्रामात उघडायचे, त्यातील पत्रांची प्रत बाहेर नेता येईल की नाही, हे संस्था ठरवते. काही व्यवस्थांत कामाचे खाते फोनवर जोडले की फोन हरवल्यास त्यावरचा मजकूर दुरून पुसण्याचा अधिकारही संस्थेकडे जातो. फोन सापडला नाही तर ही सोय फार मोलाची. पण त्याच फोनमध्ये घरची छायाचित्रे असतील तर आधी नियम वाचलेले बरे.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ निवृत्त झाले. वीस-बावीस वर्षे ते सगळ्यांना कार्यालयाचाच पत्ता देत आले होते : बँकेला, विम्याला, मुलीच्या महाविद्यालयाला. निवृत्तीनंतर नियमाप्रमाणे ते खाते बंद झाले. बँकेच्या खात्याचा पासवर्ड बदलायचा तर त्याचा संदेश त्याच बंद पेटीत जाणार! पत्ता बदलून घेण्यासाठी त्यांना कितीतरी महिने अर्ज करत फिरावे लागले. पत्नीच्या आजारपणातील तपासण्यांचे अहवाल तर त्या पेटीबरोबरच गेले. यात कोणताही प्रोग्राम दोषी नव्हता. पत्रे राहतात कुठे, हा प्रश्न वेळेवर विचारला गेला नव्हता, इतकेच.

तेव्हा नियम असा ठेवावा : जे आयुष्यभर लागणार ते घरच्या पत्त्यावर. तुमच्या शाळेने दिलेला पत्ताही याच न्यायाने पाहा. शिष्यवृत्तीचे आणि प्रवेशाचे अर्ज भरताना शाळेचा पत्ता द्याल तर शाळा सुटल्यावर ते खाते तुमच्याकडे राहीलच असे नाही.

दोन्ही खाती एकाच प्रोग्रामात ठेवायची असतील तर तो उत्तर लिहिताना ‘कोणत्या पत्त्यावरून’ हे ठळक दाखवतो का, ते पाहावे. घरचे पत्र कचेरीच्या पत्त्यावरून जाणे हा नेहमीचा घोटाळा आहे. कामासाठी दिनदर्शिका, बैठकींची निमंत्रणे, सामाईक कप्पे हे सारे लागते. घरी ते क्वचितच लागते. म्हणून पुष्कळांना कामासाठी संस्थेने दिलेला प्रोग्राम आणि घरासाठी वेगळा, अशी विभागणीच सुखाची ठरते.

कुलूप आणि खिडकी

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली : प्रोग्राम खात्यात कसा शिरतो? चांगला प्रोग्राम तुम्हाला सेवेच्याच पानावर नेतो, पासवर्ड तुम्ही तिथे देता आणि प्रोग्रामला फक्त परवानगीची खूण मिळते. फोन हरवला तर पासवर्ड न बदलता ती एकच खूण रद्द करता येते. दुसरी : पत्रातील दूरची चित्रे आपोआप उघडतात का? काही जाहिरातपत्रांत डोळ्यांना न दिसणारे एका ठिपक्याएवढे चित्र असते. पत्र उघडताच ते चित्र पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवले जाते आणि तुम्ही पत्र केव्हा उघडले ते त्याला कळते. थंडरबर्डमध्ये अशी चित्रे आपण परवानगी देईपर्यंत अडवलेली असतात. अन्य प्रोग्रामांत हा पर्याय शोधून ठेवावा.

निवडीची रीत

आता सगळे एकत्र करू. घरातील कोणी विचारले, ‘कोणता प्रोग्राम घेऊ?’ तर नाव सांगण्याआधी पाच प्रश्न विचारा.

१. खाती किती आणि ती कोणाच्या मालकीची?
२. पत्रे किती यंत्रांवर वाचायची? एकाहून अधिक असतील तर आयमॅप.
३. पत्रांचे मूळ घर कोणते आणि वाटेत आणखी कोणाचे घर लागते का?
४. सारी पत्रे सर्वांना वाचता येईल अशा रूपात बाहेर काढता येतात का?
५. मराठीच्या परीक्षेत प्रोग्राम उत्तीर्ण झाला का?

उत्तरे कागदावर लिहा. आजोबांचे एक खाते, एक फोन : फोनवरचा तयार प्रोग्राम पुरे, वर्षातून एकदा टेकआउट. आईची दोन खाती, फोन आणि संगणक : आयमॅपचा प्रोग्राम, संगणकावर पूर्ण प्रत आणि त्या प्रतीची वेगळ्या डिस्कवर नक्कल. एखाद्या दुकानाचा पत्रव्यवहार : दुकानाच्या नावाचे स्वतंत्र खाते, म्हणजे नोकर बदलला तरी पत्रे दुकानाचीच राहतील.

करून पाहा

१. आलेल्या एखाद्या पत्राचे मूळ रूप उघडा. जीमेलमध्ये संगणकावर ‘शो ओरिजिनल’ या नावाने ते मिळते. त्यात ‘रिसीव्ह्ड’ या शब्दाने सुरू होणाऱ्या नोंदी मोजा. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली नोंद सर्वांत वर घालतो, म्हणून त्या खालून वर वाचा. प्रत्येक नोंदीतील वेळ टिपून पत्राला एकूण किती सेकंद लागले ते काढा. वेळा निरनिराळ्या देशांच्या असू शकतात, हे विसरू नका.

२. दहा-बारा पत्रांचा एक कप्पा तयार करा. तो आपल्या प्रोग्रामातून फाइल म्हणून बाहेर काढा आणि दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामात उघडून दाखवा. पत्रे, तारखा आणि जोडलेल्या फाइली सगळ्या जशाच्या तशा दिसल्या पाहिजेत. हे जमले, तर तुम्ही निवडलेला प्रोग्राम खुशाल वापरा. नाही जमले, तर पत्रे थोडी आहेत तोवरच दुसरा शोधा.